माळरानाचं काम दिवाळीआधी सुरू करा: गवताळ प्रदेशात नव्याने रुजू झालेल्यांसाठी वर्षभराचा क्रम

पहिली नोकरी, ताब्यात वीस-पंचवीस एकरांचा उघडा माळ आणि वरून निरोप की पावसाळ्याआधी काहीतरी दिसायला हवं. मग मे महिन्यात जेसीबी येतो, चर खणले जातात, जूनमध्ये रोपं लागतात आणि पुढच्या मार्चला तिथे गाजर गवत, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) आणि उकरलेला मुरूम एवढंच उरतं. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात हे सतत घडतं आहे. करणाऱ्यांची मेहनत खरी असते, क्रम उलटा असतो.

माळावरच्या गवताचं बी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास पिकतं. माळ वापरणारे मेंढपाळही दिवाळीनंतर निघून जातात. त्यामुळे जूनमध्ये पेरायचं असेल तर काम आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू झालेलं असावं लागतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. तुम्ही जूनमध्ये रुजू झाला असाल तर हा पावसाळा फक्त बघण्यात आणि शिकण्यात घालवा, आणि वरिष्ठांना तसं लेखी कळवा.

१. जमीन कुणाची आहे ते कागदावर पाहा (सप्टेंबर)

माळ दिसायला सलग असतो, कागदावर नसतो. एकाच उतारावर राखीव वन, गायरान, महसूलची जमीन आणि खासगी शेत शेजारी शेजारी असतात. गट नंबर काढा, सातबारा बघा, गाव नकाशा घेऊन वनरक्षक आणि गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाबरोबर हद्द पायी चाला. हद्दीचे दगड दिसले की त्यांचा फोटो आणि जीपीएस नोंद लगेच घ्या.

जमिनीच्या प्रकारावर पुढचं सगळं ठरतं. राखीव वनातून परवानगीशिवाय गवताचं बी गोळा करणंसुद्धा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा ठरू शकतं. अभयारण्य असेल, म्हणजे नान्नज, रेहेकुरी किंवा सुप्याचं मयूरेश्वर, तर तिथे वन्यजीव कायद्याचे नियम लागतात. शिकायला तिथे जरूर जा, पण बी आणायला नाही. गायरानावर काम करायचं तर ग्रामसभेचा ठराव हवा. सरपंचांचा तोंडी होकार पुरत नाही, कारण सरपंच बदलतात.

तपासा: हद्दीचा नकाशा, लेखी परवानगी किंवा ठराव, आणि संबंधित वनरक्षकाचा फोन नंबर या तीन गोष्टी हातात आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करू नका.

२. गवत ओळखा आणि पहिली मोजणी करा (सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर)

हा टप्पा टाळणारे सर्वांत जास्त. गवत फुलोऱ्यावर असताना ओळखायला सोपं असतं. डिसेंबरमध्ये सगळं एकसारखं पिवळं दिसतं आणि मग 'इथे काही नाही' असा शेरा पडतो.

सुरुवातीला पाच-सहा गवतं पक्की ओळखता आली तरी पुष्कळ झालं. मारवेलच्या पेऱ्यावर बोट फिरवा, तिथे पांढऱ्या केसांचं कडं लागतं. डोंगरी गवताच्या तुऱ्यात तांबूस-सोनेरी लव दिसते. पवन्याचा तुरा एकेरी असतो. कुसळीचाही एकेरीच असतो, पण तिची काळपट तपकिरी कुसळं शेंड्याला एकमेकांत पीळ पडून दोरीसारखी गुंततात, आणि एकदा ते पाहिलं की पुन्हा गल्लत होत नाही. तीन फाटे असलेलं कुसळ दिसलं तर ते आरिस्टिडा. रोशा किंवा त्याच्या जातीतलं गवत असेल तर पान चुरगाळा, वास सांगेल.

नावं गावागणिक बदलतात. त्यामुळे स्थानिक नाव, ते सांगणाऱ्याचं गाव आणि वाळवलेला नमुना या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा. नमुना मुळासकट आणि तुऱ्यासकट घ्या, वर्तमानपत्रात दाबा, कागद रोज बदला. शंका असेल तर पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम किंवा कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ इथल्या जाणकारांना दाखवा. मोबाइलवरच्या ओळख-ॲपवर गवताच्या बाबतीत विसंबू नका. फुलांचे फोटो ती ओळखतात, गवतांत मात्र फार घोळ घालतात.

आता मोजणी. एक मीटर बाय एक मीटरची चौकट घ्या. सुतळी आणि चार खिळे चालतात. माळावर किमान वीस ठिकाणी ती टाका, आणि जागा आधी नकाशावर ठरवा. चालता चालता जिथे बरं दिसतं तिथे चौकट टाकायचा मोह होतो आणि आकडे फुगतात. प्रत्येक चौकटीत चार गोष्टी लिहा: उघड्या जमिनीची टक्केवारी, बहुवार्षिक गवताचे ठोंब (एकाच बुडख्यातून फुटलेले झुबके) किती, वर्षायू म्हणजे एका हंगामात संपणारं गवत किती, आणि नको ती झुडपं-तणं कोणती. लोखंडी सळई ठोकून मातीची खोली मोजा. दगड लागला की थांबा आणि इंचात आकडा लिहा.

ठोंब जिवंत आणि पक्का आहे का हे कळायला त्याची पानं मुठीत धरून गुरं ओढतात तशी ओढा. पानं तुटून हातात आली तर मुळं घट्ट आहेत. अख्खा ठोंब उपटून आला तर तो अजून चराई सोसणार नाही.

तपासा: बहुतेक चौकटींत बहुवार्षिक गवताचा एखादा तरी पक्का ठोंब असेल, तर तुम्हाला बहुधा पेरायची गरजच नाही. तिथे काही काळ चराई थांबवणं पुरतं. हा माझा ठोकताळा आहे, नियम नाही. खात्रीसाठी दोन-तीन ठिकाणी दहा बाय दहा मीटरवर बोरीच्या काट्यांचं कुंपण घाला आणि एक पावसाळा बघा आपोआप काय उगवतं. कितीतरी प्रकल्पांत हजारो रुपयांचं बी अशा जागी टाकलं जातं जिथे जमिनीतली मुळं फक्त उसंत मागत होती.

३. मेंढपाळांशी बोला, वाडे हलण्याआधी

फलटण, माण, बारामती, इंदापूर या भागातले हटकर धनगर पावसाळ्यात या माळांवर असतात आणि दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरते तळ, कोकणाकडे सरकतात. तुम्ही जानेवारीत 'स्थानिकांशी चर्चा' ठेवली तर ज्यांच्याशी बोलायला हवं तेच तिथे नसतात. मग जूनमध्ये ते परततात, त्यांच्या वहिवाटीच्या वाटेवर तुमचं कुंपण उभं असतं, आणि भांडण होतं. यात मी मेंढपाळांना दोष देत नाही.

वाड्यावर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मेंढरं परतल्यावर जा. कुत्री असतात, लांबूनच हाक मारा. आधी आपली योजना सांगू नका, विचारा. 'मामा, आधी इथं कुठलं गवत जास्त होतं? आता मेंढरू कुठलं खात नाही? पाणी कुठं पाजता?' बायकांशी स्वतंत्र बोला. कोकरांचं आणि आजारी जनावरांचं बरंच काम त्यांच्याकडे असतं, आणि कुठल्या गवताने दूध उतरतं ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.

मग देवाणघेवाण ठरवा. अमुक तुकडा एक पावसाळा बंद, त्याबदल्यात दुसरा तुकडा खुला, पाणवठ्याची वाट कायम मोकळी, आणि बंद तुकड्यातलं गवत कापलं की त्याचा वाटा कुणाला किती. हिवरे बाजारने चराईबंदी टिकवली, कारण तिथे गवत कापून न्यायची सोय होती. नुसती बंदी घातली तर रात्री कुंपण मोडतं. ठरलेलं मराठीत एका पानावर लिहा, वाचून दाखवा, दोन्ही बाजूंच्या सह्या-अंगठे घ्या आणि प्रत त्यांच्याकडे ठेवा. वनजमिनीवर चराईचे सामूहिक हक्क वनहक्क कायदा २००६ प्रमाणे मान्य झालेले असतील तर तुमचा करार त्यांच्यावर मात करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवा.

सावधान: शेळ्या आणि गुरं पाळणारे गावकरी आणि फिरते मेंढपाळ हे दोन वेगळे गट आहेत. एकाने होकार दिला म्हणजे दुसऱ्याचा झाला असं समजू नका.

४. बी गोळा करणं (ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर)

सगळं काम इथे ठरतं, म्हणून जरा थांबून वाचा.

बी कुठून? शक्यतो त्याच तालुक्यातून, तशाच मातीच्या, कमी चरलेल्या माळावरून, बांधावरून, देवस्थानच्या जागेतून. लांबून मागवलेलं चाऱ्याचं बियाणं, स्टायलोसारखी परदेशी शेंगवर्गीय रोपं, संकरित नेपिअर हे कुरणासाठी ठीक असेल. माळरानाच्या संवर्धनासाठी ते वापरू नका.

बी पिकलं का? तुरा खालून वर बोटांतून अलगद ओढा. जोर न लावता तुसं (दाणा ज्यात असतो ती फोलपटं) मुठीत आली तर पिकलं. ओढावं लागलं तर अजून आठवडाभर थांबा. एकाच ठोंबावर शेंड्याचं बी गळून गेलेलं आणि खालचं कच्चं असं सर्रास असतं, म्हणून एकाच जागी एका आठवड्याच्या अंतराने दोनदा-तीनदा जावं लागतं. सकाळचं दव उडाल्यावर सुरुवात करा, ओलं बी पोत्यात बुरसतं. प्रत्येक ठोंबावरचं सगळं बी घेऊ नका, निम्म्याहून जास्त तिथेच राहू द्या. आणि एकाच दाट तुकड्यातून पोतं भरण्यापेक्षा शंभर वेगवेगळ्या ठोंबांवरून थोडं थोडं घ्या.

जाती वेगळ्या पिशव्यांत ठेवा. पिशवीवर नाव, जागा, तारीख, मातीचा प्रकार पेन्सिलीने लिहा. शाई उन्हात आणि दमट हवेत उडते.

सावलीत पसरून चार-पाच दिवस वाळवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरू नका, गोणपाटात भरा आणि जमिनीपासून वर टांगा. मुंग्या आठवड्याभरात पोतं रिकामं करतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालतात तो याचसाठी.

आता सर्वांत मोठी चूक. पोत्याचं वजन म्हणजे बी नव्हे. गवताच्या तुसांत पुष्कळ तुसं पोकळ असतात. शंभर तुसं मोजून घ्या, एकेक तळहातावर चोळा, दाणा निघाला तर बाजूला ठेवा. समजा तीस दाणे निघाले. त्यातले पंधरा उगवले, तर तुमच्या किलोभर 'बियाण्या'तल्या तुसांपैकी फक्त पंधरा टक्के कामाची आहेत. पेरणीचं प्रमाण या आकड्यावर ठरवा, पोत्याच्या वजनावर नाही.

उगवण बघायची ती मेमध्ये. पवन्या, कुसळी यांसारख्या गवतांचं ताजं बी काही महिने सुप्त असतं. नोव्हेंबरमध्ये ओल्या गोणपाटावर ठेवलंत आणि काही उगवलं नाही तर बी खराब आहे असा निष्कर्ष काढून फेकू नका. हिवाळा-उन्हाळा पोत्यात काढला की ते जागं होतं. म्हणून कार्तिकातलं बी आणि आषाढातली पेरणी ही जोडी जमते.

तपासा: मेच्या मध्याला ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, दोन आठवडे, रोज पाणी. आकडा वहीत.

५. नको ती झाडं काढणं (डिसेंबर ते फेब्रुवारी मध्य)

वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली की बुंध्याला दहा फुटवे येतात. तिचे डोळे जमिनीखालीही असतात, म्हणून बुंध्याभोवती खणून साधारण फूटभर खोलीवरून मूळ तोडून काढावं लागतं. शेंगा पिकण्याआधी हे उरका. जनावरं शेंगा खातात आणि शेणातून बी माळभर पसरतं. गिरिपुष्पाच्या फांद्या तोडून तिथेच टाकल्या तर ओल मिळताच त्यांना मुळं फुटतात, त्यामुळे तोडलेला माल माळावरून बाहेर न्या. सरपण म्हणून गावात वाटला तर लोकही सोबत येतात.

झाड कुठलंही असो, तोडण्याआधी लेखी परवानगी घ्या. आणि सगळं झाड-झुडूप सपाट करू नका. हिवर, बोर, नेपती, हेकळ, तरवड ही माळाचीच आहेत. विरळ काटेरी झाडं आणि मध्ये गवत हेच या जागेचं मूळ रूप आहे.

याच काळात हद्दीवर जाळरेषा तयार करा. तीन-चार मीटर रुंद पट्ट्यातलं गवत कापून बाहेर न्या. पट्टा जाळायचा असेल तर ते काम वनविभागाच्या माणसांनीच करावं. फेब्रुवारीच्या मध्याला वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्याआधी हे संपलेलं हवं. दरवर्षी जाळल्याने गवत सुधारतं असं गावोगाव ऐकायला मिळेल. वारंवार जळलेल्या माळावर पवन्या मागे हटतो आणि कुसळी वाढते, हे मेंढपाळांनाही मान्य असतं, शांतपणे विचारलं तर.

६. मार्च ते मे: माळावर यंत्र नको

माळटिटवी, धाविक, चंडोल, रातवे यांची अंडी या दिवसांत उघड्या जमिनीवर असतात, आणि खड्यांत ती दिसत नाहीत. ट्रॅक्टर, जेसीबी, खणकाम, सगळं बंद. लांडगा किंवा खोकडाचं बीळ कळलं असेल तर त्या बाजूला पायीसुद्धा जाऊ नका आणि जागा सोशल मीडियावर टाकू नका.

सलग समतल चरांबद्दल, म्हणजे उताराला आडव्या, एका पातळीत खणलेल्या लांब चरांबद्दल, इथेच सांगतो, कारण प्रस्ताव याच महिन्यांत येतात. चार-सहा इंच मातीच्या, जिवंत गवताच्या माळावर चर खणले की मुरूम वर येतो, खालचं गवत गाडलं जातं आणि मोकळ्या ढिगाऱ्यावर पहिलं तण उगवतं. धूप होऊन घळी पडल्या असतील तर तिथे छोटे दगडी बांध घाला. पण गवत धरून असलेल्या जमिनीला चर नको, हे मोजणीचे आकडे दाखवून सांगा. झाडं लावण्याच्या उद्दिष्टालाही तेच उत्तर. नव्या माणसाला हे बोलणं जड जातं, म्हणून तर ऑक्टोबरच्या वीस चौकटी.

७. पेरणी आणि ठोंब (जून अखेर ते जुलै)

पहिल्या वळवाला पेरू नका. उगवलेलं पुढच्या खंडात करपतं. मातीत वीतभर ओल गेली आणि पाऊस लागून राहिला की सुरुवात करा.

कुठे काय, ते सळईचे आकडे सांगतील. उतारावर, मुरमाड पातळ मातीत पवन्या आणि डोंगरी. सखल, काळसर, ओल धरणाऱ्या जागी मारवेल.

जमीन नांगरू नका. उघड्या पट्ट्यांवर दाताळ्याने किंवा कुळवाच्या हलक्या पाळीने नुसतं खरवडा, तेही उताराला आडवं. बी दुप्पट-तिप्पट ओलसर मातीत किंवा वाळूत मिसळून फोका म्हणजे वाऱ्याने उडत नाही आणि सारखं पडतं. वरून काट्याची फांदी ओढा. बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर उगवत नाही, आणि बरीच पेरणी अशीच वाया जाते.

ठोंब लावणं कष्टाचं, पण खात्रीचं. दाट ठोंबातून थोडा भाग कुदळीने काढा, दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा, पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी लावा. अर्ध्या मीटरवर एक. लावल्यावर टाचेने दाबा. वेडी बाभूळ काढलेले खड्डे ही ठोंबांसाठी उत्तम जागा, माती मोकळी असते आणि पाणी थांबतं.

तपासा: आठ दिवसांनी लावलेला ठोंब हलकेच ओढा. सहज निघाला तर भोवतीची माती पुन्हा दाबा.

उंच गवतात फुरसं आणि घोणस असतात. घोट्यावरचे बूट, हातात काठी, आणि सर्पदंशावर उपचार होणारं जवळचं रुग्णालय कुठे आहे हे सगळ्या मजुरांना आधीच माहीत हवं.

८. तण: फुलण्याआधी (ऑगस्ट–सप्टेंबर)

गाजर गवत फुलोऱ्यावर येण्याआधी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कारण अनेकांच्या अंगावर त्याने पुरळ उठतं. फुललेलं उपटून तिथेच टाकलं तर बी पडतंच. वर्षायू स्थानिक गवतं मात्र उपटू नका. ती पहिली दोन वर्षं जमीन झाकतात आणि पुढे आपोआप मागे पडतात. 'स्वच्छ' दिसावा म्हणून सगळं निंदून काढलेला माळ पहिल्या जोरदार सरीत वाहून जातो.

९. पहिली कापणी, पहिली चराई, दुसरी मोजणी

पहिल्या वर्षी बी गळेपर्यंत काहीही कापू नका. त्यानंतर विळ्याने, जमिनीपासून चार बोटं वर ठेवून कापा. बुडखा खरवडला तर पुढचे फुटवे जातात. कराराप्रमाणे वाटा द्या, वजन करून, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या वर्षी ओढून पाहायची चाचणी बहुतेक ठोंब पास झाले तर बी गळल्यावर मेंढरं येऊ द्या, थोड्या दिवसांसाठी, आणि खांड (कळप) पुढे सरकत राहील अशी. माळ कायमचा बंद ठेवणं हीसुद्धा चूक आहे. जुनं गवत साचतं, नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही, झुडपं घुसतात आणि वणव्याला इंधन तयार होतं.

ऑक्टोबरमध्ये त्याच वीस जागी तीच चौकट, त्याच पंधरवड्यात. फोटो त्याच दगडावर उभं राहून, त्याच दिशेला. पहिल्या वर्षी बहुवार्षिक ठोंबांची संख्या फारशी वाढत नाही, उघडी जमीन मात्र कमी झालेली दिसायला हवी. तीही कमी नसेल तर आणखी बी टाकू नका. आधी बघा रात्री चराई चालू आहे का, पाणी वरून कुठून वाहत येतंय आणि बी खोल गेलं होतं का. या क्रमाने शोधलं तर कारण बहुधा पहिल्या दोनांत सापडतं.

प्रकल्पाची माणसं दोन-तीन वर्षांत बदलतात, तुम्हीही बदलाल. म्हणून वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक वनरक्षकाकडे, आणि नकाशावर चौकटींच्या जागा खुणा करून त्यासोबत. वाळवलेले नमुने आणि या नोंदी तुमच्या पुढच्या अर्जालाही जोडा. गवताळ प्रदेशावर काम करणाऱ्या संस्थेत मुलाखत घेणारा प्रमाणपत्रांच्या आधी तेच उघडून बघेल.